आत्ता तर घडाघडा बोलत होतास!

आरतीला मी अडखळत नाही. 'सुखकर्ता दुखहर्ता'पासून 'घालीन लोटांगण'पर्यंत एकदम खणखणीत. मग प्रसाद हातावर घेताना शेजारचे काका विचारतात, "काय करतोस सध्या?" आणि 'कंपनीत' या शब्दातला क काही केल्या सुटत नाही. जबडा आवळतो, डोळे मिटतात. काका प्रसादाकडे बघायला लागतात.

वर आत्या म्हणते, "अरे, आत्ता तर घडाघडा आरती म्हणत होतास!"

तोतरेपणापेक्षा मला या वाक्याचा राग येतो. येतंय की तुला, मग मुद्दाम करतोस काय, असं असतं त्यात. नाहीतर मग मनानं कच्चा आहेस.

अहो, तोतरेपणाची जातच लहरी. गाताना, सगळ्यांच्या सुरात म्हणताना, एकटं असताना बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. कुत्र्याशी बोलताना मी 'वक्ता दशसहस्रेषु' असतो. शिव्याही सुरेख येतात. बोंब होते ती फोनवर, साहेबांपुढे आणि स्वतःचं नाव सांगताना. नावाला दुसरा शब्द कुठून आणणार? मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकाला हे असतं, बऱ्याचदा घराण्यातून आलेलं (आमचे आजोबाही अडखळायचे). भीतीनं ते वाढतं, पण भीतीमुळं सुरू होत नाही. लहानपणी माझ्या जिभेला वेखंड चोळून झालं, तोंडात खडे धरून वाचून झालं. जीभ झोंबली, तेवढंच.

आणि ज्या दिवशी मी 'नीट' बोलतो, त्या दिवशी आत काय चाललेलं असतं ते कुणाला दिसत नाही. अवघड शब्द चार शब्द आधीच दिसतो आणि मी वाट बदलतो. कॉलेजात असताना साताऱ्याहून एसटीत 'कराड' म्हणवत नसे, म्हणून 'उंब्रज' म्हणायचो. तिथं उतरून वडाप धरायचो. वडापवाला स्वतःच "कराड कराड कराड" ओरडत असतो, आपण नुसतं आत बसायचं. दीड वर्ष केलं हे. कंडक्टरच्या लेखी मी स्वच्छ बोलणारा उंब्रजचा पोरगा!

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेची दिव्यांगता आहे, पण ती कायमची लागते आणि उदाहरणं आहेत स्वरयंत्र काढलेल्यांची, मेंदूला इजा होऊन भाषा हरवलेल्यांची. सोमवारी अडकणारा आणि मंगळवारी सुटणारा माणूस त्यात कुठं बसवायचा? मला प्रमाणपत्र नकोय. पण एका मुलाखतीत माझं वाक्य अर्ध्यावर तोडून "रिलॅक्स, दीर्घ श्वास घ्या" म्हणणाऱ्या साहेबांना सांगायचं राहून गेलं, की मी निवांतच होतो. घाई तुम्हाला होती.

परवा बऱ्याच वर्षांनी त्याच रस्त्यानं एसटीनं गेलो. "क-क-क..." मागं कुणीतरी फिसकन हसलं. कंडक्टर मशीनवर बोट ठेवून उभा. अख्खं 'कराड' बाहेर पडेपर्यंत थांबला, आणि म्हणाला, "सुट्टे द्या."

सुट्टे नव्हते.