‘डायपर मागून कोरडा आणि गादी ओली’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

कुपवाड एमआयडीसीतल्या युनिटमधून मी मालक स्वतः लिहितोय, ते ‘असुविधेबद्दल दिलगीर आहोत’ वालं कॉपी पेस्ट नाहीये हे. तुमचा रिव्ह्यू फोटोसकट नीट वाचला. तुमचं म्हणणं असं की बाळ ११ किलोचं, आमची एम साइजची पँट घालून झोपवलं, पहाटे बघता तर डाव्या मांडीकडून सगळं बाहेर, गादी ओली आणि डायपर मात्र मागून कोरडाच. खाली तुम्ही लिहिलंय की लहान कंपनी आहे, पैसे वाचवायला आतला कापूस कमी करून डायपर पातळ केलाय, आणि सकाळी काढताना मांडीला जेली लागली होती ते कसलं केमिकल. पाकिटाचे पैसे आजच परत टाकलेत, त्याचा आणि पुढे जे लिहितोय त्याचा संबंध नाही, स्टार बदला असंही म्हणणार नाही.

‘मागून कोरडाच’ हे लिहिलंत ते फार बरं केलंत, सगळी गोम तिथेच आहे. डायपर भरून वाहिला असता तर मागचा भागपण फुगला असता. बाळाची शू साधारण तासाला किलोमागे १ ते २ मिली धरतात, म्हणजे ११ किलोच्या बाळाची १० तासांची रात्र ११० ते २२० मिली. आमच्या एममध्ये शू शोषून फुगणारी जेल पावडर ११ ग्रॅमच्या आसपास असते आणि एक ग्रॅम पावडर वजनाखाली दाबलेली असतानासुद्धा २५ ग्रॅमपर्यंत खारं पाणी धरते, म्हणजे नुसती पावडरच २७५ ग्रॅमच्या आसपास धरते, आणि तुम्ही ज्याला कापूस म्हणताय तो असतो लाकडाचा लगदा, त्याचं वेगळं. जागा होती हो आत, पण शू तिथपर्यंत पोचलीच नाही.

कारण शू थेंब थेंब येत नाही ना, एकदम धार येते, काही सेकंदात सगळं, आणि पावडरला फुगायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ते मधले काही सेकंद सांभाळणं हेच डायपर बनवणाऱ्याचं खरं काम, बाकी गोधडीसारखं जाड तर कोणीही बनवेल. वरच्या मऊ कापडाखाली एक जाळीदार थर असतो, आम्ही त्याला एडीएल म्हणतो, तो धार पकडून पुढे मागे पसरवतो. तो नीट नसेल तर पुढची पावडर आधी फुगते आणि तिचाच बांध होतो, मागच्या पावडरला काही मिळतच नाही, म्हणून नुसती पावडर वाढवून लीक थांबत नाही (आम्हाला पावडर विकणारे नेमकं उलटं सांगतात ते सोडा). आणि तेवढ्यातूनही जे बाजूला पळतं त्याला अडवायला मांडीपाशी उभी झालर असते, लायक्राचे धागे ताणून चिकटवलेली, पाणी न पिणाऱ्या कापडाची. ही आतली उभी झालर आणि तिच्या बाहेर मांडीभोवतीची दुसरी, या दुहेरी झालरीचं पेटंट अमेरिकेत १९८७ मध्ये मिळालं आणि तिच्यावरून तिकडे कंपन्यांच्या कोर्टकचेऱ्या झाल्या, पॅरागॉन ट्रेड ब्रँड्स नावाची कंपनी तर पी अँड जी या पॅम्पर्सवाल्या कंपनीविरुद्धचा खटला हरून १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. एवढ्याशा झालरीसाठी हो! पण बाजूची लीक अडवते ती तीच.

आता तुमचा फोटो. झूम करून बघा, डाव्या मांडीशी झबल्याची कड डायपरच्या आत गेलीय. सुती कापडाचं एक टोक आत ओल्यात आणि दुसरं बाहेर असलं की ते दिव्याच्या वातीसारखं ओढत राहतं, झालर कितीही उंच असो, कापड तिच्यावरून पूल बांधतं. आतमध्ये सुती लंगोट ठेवायची सवयपण बऱ्याच घरात असते, रॅश येऊ नये म्हणून, त्याचंही हेच होतं. दुसरं म्हणजे त्याच बाजूची बाहेरची झालर आत दुमडलीय, पँट घाईत वर ओढली की हे होतंच, आणि रात्री रडणाऱ्या बाळाला पँट घालताना कोण झालर बघत बसतं, मला कळतं. घातल्यावर फक्त एक बोट मांडीच्या घडीतून पुढून मागे फिरवा, बाहेरची झालर बाहेर काढा, आतली घडीत बसू द्या. मुलगा असेल तर शूची जागा खाली तोंड करून ठेवा, नाहीतर धार सरळ कमरेच्या इलॅस्टिककडे जाते. तेल मालीश करून तसाच डायपर चढवत असाल तर आधी पुसून घ्या, वरच्या कापडाला तेलाचा थर बसला की ते पाणी आत घेत नाही.

साइजचं बोलायचं तर एमवर ७ ते १२ किलो लिहिलंय आणि एलवर ९ ते १४, म्हणजे ११ किलोचं बाळ दोन्हीत बसतं, पण मांडी गुबगुबीत असेल तर रात्री एलच घाला. घट्ट असला की लीक होणार नाही असं वाटतं पण ताणलेली झालर आडवी पडते आणि अडवतच नाही.

पातळपणावर थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कापूस कमी आणि पावडर जास्त हा बदल जगभर ऐंशीच्या दशकापासून चालू आहे, ही काही आमची काटकसर नाही. लगदा शू धरतो पण बाळ त्यावर बसलं की पिळल्यासारखी परत सोडतो, पावडर सोडत नाही. आणि ते लीटरभर निळं पाणी ओतायचे व्हिडिओ बघून डायपर निवडू नका, साध्या पाण्यात कुठलीही पावडर अफाट फुगते, शूमध्ये क्षार असतात त्यामुळे तिथे बरंच कमी. करून बघायचंच असेल तर लीटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घाला, ६० मिली एकदम ओता, दहा मिनिटांनी परत ६०, मग वर टिश्यू ठेवून तळहाताने दाबा. आमचा आणि बाजारातला कुठलाही महागडा, दोन्ही शेजारी ठेवून करा, माझी काही हरकत नाही.

जेली म्हणजे तीच फुगलेली पावडर, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, विषारी नाही, कोरड्या फडक्याने पुसून मग पाण्याने धुवा, ओल्याने आधी पुसलं तर अजून चिकट होते. पण ती त्वचेपर्यंत यायला नको हे तुमचं शंभर टक्के बरोबर. वरचं कापड किंवा आतलं आवरण कुठेतरी सुटलं असेल तर तो त्या बॅचचा प्रश्न, मांडी किंवा झबलं काहीही असो, ते आमच्याकडेच येतं. म्हणून पाकिटाच्या मागे खाली छापलेला बॅच नंबर आणि उरलेले न वापरलेले पीस हवेत, टाकून देऊ नका, कुरियरवाला घरून घेऊन जाईल. त्याच बॅचचे आमच्याकडे ठेवलेले पीस आणि तुमचे सोबत कापून बघतो आणि काय निघालं ते इथेच तुमच्या रिव्ह्यूखाली फोटोसकट टाकतो. एल साइजचं छोटं पाकीट त्याच कुरियरवाल्याकडे देतोय.