कुठेही चालेल

मुंबईत बाहेर जेवायला जाणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं ते एकटे राहतात.

आमच्या घरात सोमवार सासूबाईंचा, गुरुवार नवऱ्याचा, शनिवार मारुतीचा, मंगळवारी अंगारकी आली तर ती वर बोनस. उरला रविवार. आणि रविवारी सकाळी विचारलं की सगळे एका सुरात म्हणतात, कुठेही चालेल. हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण आता एकेक नाव निघणार आणि एकेक जण ते पाडणार.

माटुंग्याला रामा नायककडे जाऊया म्हटलं, 1942 पासून चाललंय, स्टेशनला लागूनच, केळीच्या पानावर मस्त जेवण, तर मुलगी म्हणते रविवारी पण सांबार-भात? बरं बाई, मग बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, 1923 चं इराणी हॉटेल, तिथला बेरी पुलाव, त्यातल्या त्या बारक्या लाल आंबट बेरी मूळच्या इराणच्या वगैरे मी इतकं रंगवून सांगितलं, तर सासरे म्हणाले, "मनुका आंबट निघाल्या तर मी वाण्याला परत करतो, ह्यांना वर पैसे द्यायचे?" ह्यावर काय बोलणार.

नवऱ्याला नेहमी ऑथेंटिक चायनीज हवं असतं. ऑथेंटिक म्हणजे चिकन मांचुरियन. आता हे मांचुरियन नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये इथेच, चर्चगेटच्या क्रिकेट क्लबमध्ये पहिल्यांदा केलं असं सांगतात, आपलंच आलं-लसूण-मिरची, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. म्हणजे चीनपेक्षा ब्रेबॉर्न स्टेडियम जवळ. पण हे त्याला सांगितलं की तो दुखावतो.

एकदा मुलीच्या हट्टापायी कोरियन ठिकाणी गेलो होतो. सासरे मेनूकार्ड उजवीकडून वाचतात, आधी आकडा मग पदार्थ. पहिल्याच पानावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, आकडा तोच. "एवढ्यात दोन मोठी पापलेटं आली असती." मग वेटरला विचारलं, सोलकढी आहे का. पोरगा मणिपूरचा होता, बिचारा खरंच आत जाऊन विचारून आला.

तर ह्या रविवारी शेवटी दादरलाच, मालवणी. पण सोमवार-गुरुवार-शनिवारची आकडेमोड अख्ख्या दादरने केलेली असते त्यामुळे दीडच्या उन्हात फुटपाथवर ही गर्दी, आणि वही घेतलेला एक पोरगा. त्याचा नियम, सगळे जण हजर असल्याशिवाय टेबल नाही. आमचा नवरा पार्किंग शोधायला गेला होता तो बहुतेक माहीमपर्यंत पोचला असावा. पाऊण तासाने तो घामाघूम होऊन आला आणि तेवढ्यात पोरगा ओरडला, "सावंत, पाच!"

आम्ही उठलो. शेजारच्या बाकावरचे पाच जण पण उठले.

मालवणी हॉटेलात एकच सावंत असेल असं त्या पोराला कसं वाटलं देव जाणे. मी भांडायची तयारी करत होते पण सासऱ्यांनी त्यांच्या आजोबांना विचारलं, "तुम्ही कुठचे?" ते म्हणाले कुडाळ. झालं! कुडाळात कुठे, कुठची वाडी, तुमची आत्या कणकवलीला दिली का, मग ती आमच्या वहिनीची कोण लागते, दोघं एकमेकांचा हात धरून उभे, आम्ही आठ जण तोंडाकडे बघतोय, आणि पोराने ते टेबल देसाई चारला देऊन टाकलं.