पिवळ्या रंगाच्या शोधात

शरीररचनेच्या अ‍ॅटलासमध्ये रोहिण्या लाल, नीला निळ्या आणि मज्जातंतू पिवळेधमक असतात, आणि या रंगशिस्तीवर पूर्ण विश्वास ठेवूनच एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी डिसेक्शन हॉलमध्ये पाऊल टाकतो. आत फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या देहात मात्र सारेच मळकट तपकिरी असते. काखेतला ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे, शोधताना माझी तारांबळ उडत असे ती यामुळेच. पाच मुळे, तीन खोडे, सहा विभाग, तीन रज्जू आणि पाच मुख्य शाखा असा त्याचा वंशवृक्ष पानावर ठसठशीत छापलेला असे, आणि चिमट्याला लागे ती केवळ चरबी. चित्रकाराचे बरे असते. त्याला चरबी खरवडावी लागत नाही, तो ती रंगवतच नाही. फ्रँक नेटर तर स्वतः डॉक्टर होते, तरी १९८९ साली आलेल्या त्यांच्या अ‍ॅटलासमधली काख पाहून, तिथे कोणी नुकताच झाडू मारून गेले असावे असे वाटते. आमच्या हॉलमधल्या प्रतीत ही उणीव विद्यार्थ्यांनी भरून काढली होती : पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलकट हातमोज्यांनी काखेचे पान इतके पारदर्शक झाले होते की, दंडाच्या मज्जातंतूंमधून मागच्या पानावरचे खांद्याचे स्नायू डोकावत.

“अरे, आधी तो ‘एम’ शोध, बाकीचं आपोआप सापडतं,” असे सर सांगत. मिडियन नर्व्ह आणि तिच्या दोन शेजारणी मिळून ते अक्षर काढतात हे खरे. पण आमच्या टेबलावर त्यांना जोडणारा एक जादा तंतू निघाला. “व्हेरिएशन आहे,” एवढे बोलून सर पुढच्या टेबलाकडे गेले.

मेंदूच्या चकत्यांनी तर दिशाच हिरावून घेतल्या. एमआरआयची आडवी चकती पायांकडून पाहायची असते, म्हणून रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. शेजारच्या पानावरची खऱ्या मेंदूची चकती वरून पाहिलेली असली, की तीच बाजू पुन्हा उजवीकडे जाते. कॉडेट आणि पुटामेन हे मेंदूच्या आत खोलवरचे दोन भाग एका अ‍ॅटलासमध्ये जांभळे-हिरवे, दुसऱ्यात निळे-केशरी, आणि ट्रेमध्ये दोन्ही सारखेच राखाडी. अपवाद एकच, सबस्टॅन्शिया नायग्रा : न्यूरोमेलॅनिन या रंगद्रव्यामुळे मध्यमेंदूतली ही पट्टी नुसत्या डोळ्यांनाही खरोखरच काळी दिसते. म्हणूनच की काय, आमच्या परीक्षकांनी ‘हा भाग ओळखा’ म्हणत लावायची स्पॉटरची टाचणी तिच्यात कधी खोचली नाही.