एफ/२२ ठेवलं म्हणून डोळा वाचत नाही

उत्तरायणाच्या (गुजरातेतल्या पतंगांच्या संक्रांतीच्या) आठवडाभर आधी आमच्या दांडिया बाजारातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला: ‘धाब्यावरून फोटो काढण्याचे पाच सुवर्णनियम’. (बडोद्यात गच्चीला आम्ही धाबंच म्हणतो.) मी तो वाचला आणि कामाच्या घाईत सोडून दिला. १४ जानेवारीला दुपारी धाब्यावर गेले तर माझा पंधरा वर्षांचा पुतण्या मित्राच्या डीएसएलआरला (लेन्समधलं चित्र आरशातून डोळ्याला दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला) दूरचं जवळ दाखवणारी ३०० एमएमची लेन्स लावून, व्ह्यूफाइंडरला, म्हणजे बघायच्या खिडकीला, डोळा चिकटवून, एका पतंगामागे थेट सूर्याकडे वळत होता. मी कॅमेरा खाली ओढला. तो वैतागला. “काकू, एफ/२२ ठेवलंय! त्याने डोळ्याला काही होत नाही, मेसेजमध्ये लिहिलंय.”

म्हणून आधी हाच नियम घेते. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. मेसेज म्हणतो, सूर्य समोर आला की एफ/२२ करा, छिद्र बारीक होतं आणि डोळ्यापर्यंत उजेड कमी पोहोचतो. हे धादांत खोटं आहे. डीएसएलआरवर तुम्ही कुठलाही आकडा ठेवा, क्लिक करेपर्यंत छिद्र लहानमोठं करणारी लेन्सची पाती पूर्ण उघडीच असतात. बटण दाबल्यावर ती क्षणभर मिटतात, पण तेव्हा आरसा वर गेलेला असतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख असतो. म्हणजे तुमचा डोळा बघतो तो सगळा वेळ उघड्या लेन्समधूनच. पटत नसेल तर घरात बसून लेन्सच्या काचेत समोरून बघा आणि आकडा फिरवा. पाती जागची हलत नाहीत.

त्यात ३०० एमएममधून सूर्य डोळ्याच्या पडद्यावर कितीतरी मोठा उमटतो. त्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे भाजत असताना समजतही नाही. नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो तो नंतर. निकॉनच्या डीएसएलआरची माहितीपुस्तिका उघडा, सुरक्षेच्या सूचनांमध्येच व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका, दृष्टी कायमची अधू होऊ शकते, असं बजावलेलं आहे. कॅमेरा बनवणारे हे सांगतात आणि आपण मुलांच्या हातात निनावी मेसेज देतो! मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात डोळ्यासमोर छोटा स्क्रीनच असतो, तिथे डोळ्याला हा धोका नाही, हे मान्य. पण तिथे चित्र टिपणारा सेन्सर भाजू शकतो, आणि मेसेज लिहिणाऱ्याला हा फरक माहीतच नसावा.

वारा उत्तरेकडून असला की पतंग दक्षिणेकडे जातात आणि जानेवारीत दुपारचा सूर्यही तिकडेच, आकाशात अर्ध्यावर. त्यामुळे पतंग आणि सूर्य एका रेषेत येणं हा अपवाद नसतो, दर दहा मिनिटांनी होतं. पाठ सूर्याकडे करा किंवा मागच्या स्क्रीनवर बघा.

‘आकडा जितका मोठा तितका फोटो धारदार’ हा दुसरा नियम. एका मर्यादेपुढे उलट होतं. एफ/२२ला प्रकाश बारीक छिद्राच्या कडांवरून पसरतो आणि तपशील मऊ पडतो. शिवाय लख्ख उन्हातही आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० ठेवलं तर शटर १/५० सेकंदावर येतं, मग गोता खाणारा पतंग नुसता फराटा दिसतो. मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, ती नाइलाजाने मान्य करते: लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १००ला १/१००. फिल्मच्या काळातला हा हिशेब आजही चालतो. सावलीची कड पुसट झाली तर एफ/११, जेमतेम दिसली तर एफ/८, सावलीच नाही तर एफ/५.६. पण हा हिशेब आहे, हुकूम नाही. आयएसओ ४००, एफ/८, १/१६०० केलंत तरी फोटो तेवढाच उजळ येतो आणि पतंग स्थिर येतो.

तिसऱ्या नियमाने आमच्या घरचे फोटो खरोखर बिघडवले. ‘काळे कपडे असतील तर एक्स्पोजर वाढवा, पांढरे असतील तर कमी करा.’ कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं. काळं बघितलं की ते आपणहूनच उजेड वाढवतं, त्यात आपण आणखी वाढवायचा? जाऊबाईंच्या सुनेची पहिली संक्रांत होती. अंगावर काळी चंद्रकळा, गळ्यात हलव्याचा हार, दंडाला बाजूबंद. पुतण्याने नियमाप्रमाणे एक्स्पोजर अधिक एक केलं, म्हणजे उजेड दुप्पट. साडी राखेच्या रंगाची आली आणि हार म्हणजे चुन्याचा पट्टा. मी उणे एक करून पुन्हा काढला. साडी काळी झाली आणि हलव्याच्या दाण्यादाण्यावरचे काटे मोजता येतील असे उमटले. ते काटे पाडायला तिच्या आईने मंद आचेवर पाकाचे थेंब सोडत कित्येक तास घालवले होते. पांढऱ्या कपड्यांना याच्या बरोबर उलट, अधिक एक.

‘ढग आले की कॅमेरा ठेवून द्या’ यावर काय बोलायचं? माणसांचे चेहरे ढगाळ उजेडातच छान येतात.

शेवटचा नियम रात्रीच्या तुक्कलांसाठी, म्हणजे पतंगाच्या दोरीला बांधलेल्या मेणबत्तीच्या कागदी कंदिलांसाठी: ‘फ्लॅश लावा’. कॅमेऱ्यातला फ्लॅश चार-पाच मीटर पोहोचतो, तुक्कल असतात पार पलीकडच्या पोळांवर (जुन्या गल्लीवस्त्यांवर). फ्लॅश बंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं, आयएसओ ३२००, शटर १/६० आणि कोपर कठड्यावर टेकवलेलं. पुतण्याने त्या रात्री असंच काढलं. एका दोरीवर पाच तुक्कल, आणि प्रत्येकाच्या कागदातून आतली मेणबत्ती वेगळी दिसते.