गोळ्या चुकल्या नाहीत, तरीही

एचआयव्हीवरच्या लेखातलं 'व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासणीत दिसेनासा झाला की काळजी मिटली' हे वाक्य खटकलं. माझ्या मोठ्या दिरांना एचआयव्ही आहे, त्यांचा लोड कित्येक वर्षं दिसेनासाच आहे. तरी गेल्या पावसाळ्यात वागळे इस्टेटहून येताना नेहमीच्या स्टॉपवर उतरायचे राहिले, एका सकाळी दूध दोनदा आणलं, आणि हिशेबाची वही उघडून नुसते बसून राहायचे. औषधं घ्यायला गेलं की विचारणा एकच: गोळ्या चुकल्या का? झोप लागते का, मन कशात रमतं का, हे कुणी विचारलंच नाही.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. नैराश्याचा 9 प्रश्नांचा साधा फॉर्म, मग बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉईडची तपासणी, कारण विसराळूपणा त्यांच्या बिघाडानेही येतो. नैराश्याची गोळी लिहिण्याआधी एचआयव्हीची कोणती चालू आहे ते त्यांनी नीट पाहिलं. डोल्युटेग्राव्हिर ही त्यांची एचआयव्हीची गोळी आता रात्रीऐवजी सकाळी, त्याने काहींची झोप उडते म्हणे. (पूर्वीच्या इफाविरेन्झने पडणाऱ्या भलत्यासलत्या स्वप्नांना आम्ही बाहेरची बाधा समजत होतो!) दीड-दोन महिन्यांनी वही पुन्हा भरू लागली. नावं मात्र अजून अडकतात. 7 कप्प्यांची गोळ्यांची डबी चहाच्या डब्याशेजारीच ठेवलीय.