'वरून आदेश आला की केस संपली' हे साफ खोटं आहे

'अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये सरकारी वकील सरकारचाच माणूस. वरून आदेश आला की केस संपली. फिर्यादीला बोलता येत नाही, स्वतःचा वकील देता येत नाही. खेटे घालू नका, तडजोड करा.' हा मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या मावसभावाची फिर्याद याच कायद्याखाली, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, आहे. त्यानं मेसेज पाठवून विचारलं, "ताई, पुढच्या तारखेला जाऊ की नको?" म्हणून हे लिहितेय.

आदेशाचं आधी. खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकिलानं स्वतःचं डोकं वापरून करायचा असतो आणि कोर्टाच्या संमतीशिवाय तो मागे घेता येत नाही. २०१५ मध्ये केरळ विधानसभेत अर्थसंकल्पाच्या वेळी आमदारांनी मोडतोड केली. पुढे त्यांचाच पक्ष सत्तेत आला आणि सरकारी वकिलानं खटला मागे घ्यायचा अर्ज केला. मॅजिस्ट्रेटनं तो फेटाळला, हायकोर्टानं फेटाळला, २८ जुलै २०२१ ला सुप्रीम कोर्टानंही दाद दिली नाही. सरकारची इच्छा होती, वकिलाचा अर्ज होता, तरी खटला उभा राहिला.

'फिर्यादीला बोलता येत नाही' हे सगळ्यात घातक, कारण त्यावर विश्वास ठेवून माणसं तारखांना जाणंच सोडतात. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १५अ वाचा. जामीन, दोषमुक्ती, पॅरोल, शिक्षा आणि त्याला जोडून येणाऱ्या कामकाजात पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क आहे. हरिराम भांभी प्रकरणात २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की, अशा कामकाजाची नोटीस पीडिताला देणं बंधनकारक आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६० तर स्पष्टच म्हणतं की, पीडिताला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्टानं खटला मागे घेऊ द्यायचा नाही. एवढं छापील असताना 'गप्प बसा' सांगणाऱ्याला काय म्हणावं?

स्वतःच्या वकिलाचं तर सरळ आहे. कोर्टाच्या परवानगीनं तो सरकारी वकिलाला मदत करू शकतो. याच कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांत पीडिताच्या इच्छेवरून जिल्हाधिकाऱ्यांनी नामवंत वकील नेमायचीही सोय आहे. आणि हे गुन्हे खालच्या कोर्टात आपसात मिटवता येतच नाहीत.

एक गोष्ट मान्य करावी लागते. नेमणुका सरकार करतं आणि सत्ता बदलली की सरकारी वकीलही बदलतात. खटला मागे घेण्याची सूचना बहुतेकदा मंत्रालयातूनच येते आणि सार्वजनिक हिताचं कारण कोर्ट मानतंही. समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिसांवरचा आणीबाणीतला बडोदा डायनामाइट खटला असाच मागे घेतला गेला आणि सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये ते योग्य ठरवलं. पण त्याच निकालात म्हटलंय की, सरकारनं सुचवावं, हुकूम सोडू नये. १९९० मध्ये उत्तर प्रदेशानं जिल्ह्याजिल्ह्यांतले सगळे सरकारी वकील एका फटक्यात काढले, तेही सुप्रीम कोर्टानं रद्द केलं.

भावाला सांगितलंय: तारखेला जा. केस मागे घ्यायचा अर्ज आला, तर 'मला ऐकून घ्या' असा लेखी अर्ज त्याच दिवशी दे, आणि त्याची पोच घे.