मैलाटाकीच्या फ्लशमधला व्हॅक्यूम ब्रेकर काढू नका

कॅम्पर म्हणजे राहायची सोय आणि संडास असलेली गाडी. तिच्या मैलाटाकीला फ्लश असतो: बाहेरून होज (पाण्याचा पाइप) जोडला की टाकीतल्या नॉझलमधून धार उडून टाकी आतून धुतली जाते. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर असा फेरा करणाऱ्या कॅम्परवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतो आहे: "टाकी धुताना गाडीखाली पाणी गळलं की समजा टाकी फुटली. बेसिनखालचा व्हॅक्यूम ब्रेकर काढून पाइप सरळ जोडा, सांध्यांना एम-सील फासा आणि मोटर लावून प्रेशर वाढवा." यातलं काहीच करू नका. ब्रेकर टाकीतलं घाण पाणी नळाच्या लाइनीत उलटं जाऊ देत नाही, तो काढणं तर शेजारपाजारच्यांनाही आजारी पाडू शकतं.

"टाकी फुटली." हे आधी तपासा. टाकी रिकामी करून धुवा, निचऱ्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि कमोडमधून खायचा रंग घातलेलं पाणी नॉझलच्या वर येईपर्यंत भरा. होज न जोडता तासभर थांबा. खाली रंगीत पाणी आलं तर दोष टाकीत, नॉझलच्या रबर सीलमध्ये किंवा निचऱ्याच्या व्हॉल्व्हमध्ये. तसं काही दिसलं नाही आणि होज जोडून नळ सोडल्यावरच स्वच्छ पाणी गळू लागलं, तर फ्लश लाइन पाहा. सुरुवात ब्रेकरपासूनच करा.

"व्हॅक्यूम ब्रेकर काढा." हा तुकडा कमोडच्या काठापेक्षा उंचावर बसवलेला असतो. पाण्याचा दाब आला की आतला फ्लोट वर जाऊन हवेचं भोक बंद करतो. दाब गेला की फ्लोट खाली पडतो, लाइनीत हवा शिरते आणि टाकीतलं पाणी मागे ओढलं जात नाही. सोलापुरात याची गरज जास्तच आहे. इथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. पाणी जाताना लाइन रिकामी होते, त्यात गल्लीत कुणी थेट नळालाच मोटर लावली की ती उलटी ओढू लागते. अशा वेळी होज नळाला जोडलेला, नॉझल मैल्यात बुडालेलं आणि ब्रेकर काढलेला असेल, तर ते पाणी पिण्याच्या लाइनीत जाऊ शकतं. "चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आहे की!" असं म्हणू नका. त्याच्या तोंडात एक खडा अडकला तरी तो उघडाच राहतो.

ब्रेकर गळतो त्याची कारणं साधी आहेत. नळ सुरू किंवा बंद करताना थोडं पाणी उडणं हा दोष नाही. नळ अर्धवट सोडला तर फ्लोट नीट बसत नाही आणि भोकातून सतत पाणी येतं. नळ पूर्ण सोडा. तरीही थांबलं नाही तर टोपी उघडा. बोअरच्या जड पाण्याचे क्षार फ्लोटवर साचलेले असतात. फ्लोट तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून मऊ ब्रशने घासा. फरशीचं ॲसिड नको, रबर खराब होतं. अंगाला चीर असेल तर पूर्ण ब्रेकर बदला.

"एम-सील फासा." दाबाखालच्या ओल्या सांध्यावर ते टिकत नाही. सांधा उघडून पुसा, आट्यांच्या दिशेने टेफ्लॉन टेपचे 3–4 वेढे द्या, हाताने आवळा आणि वर पाव फेरा. त्याहून जास्त आवळलं तर प्लास्टिक चिरतं. होजच्या तोंडाशी गळत असेल तर आधी रबर वॉशर बदला. टाकी पॉलिथिलीनची असेल तर तिला कुठलंच सोल्यूशन धरत नाही, प्लास्टिक वेल्डिंगच करावं लागतं.

परदेशी किटमध्ये आणखी एक भानगड असते. अमेरिकी होजचे आटे इंचाला साडेअकरा, आपल्याकडच्या पाऊण इंची फिटिंगचे चौदा. दोन-तीन फेरे बसल्यासारखे वाटतात आणि मग गळतं. इथे टेप कितीही गुंडाळली तरी भागत नाही, ॲडॉप्टरच हवा.

"प्रेशर वाढवा." होजला रेग्युलेटर लावून दाब 40 ते 50 पीएसआयच ठेवा, आणि धुताना निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडा असू द्या. तो बंद असेल तर मिनिटाला 10 लिटरच्या धारेने 100 लिटरची टाकी 10 मिनिटांत भरते आणि मैला कमोडमधून वर येतो. होजही वेगळा ठेवा, पिण्याचं पाणी भरायला तो वापरू नका.

दुरुस्तीनंतर होज जोडून नळ पूर्ण सोडा, 10 मिनिटं चालवा आणि ब्रेकर, सांधे, नॉझल या प्रत्येकाला कोरडा टिश्यू लावून पाहा.